दोन बोटं कमी

कल्याण स्टेशनाबाहेर टांग्यांचा नाका होता, त्याच्या कडेला दामाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी फळ्या, वर पत्रा आणि बसायला तरट. पाटीवर फक्त 'साज' एवढाच शब्द. पूर्वी त्याच्या अलीकडे 'घोड्याचा' असंही होतं, पण एका पावसाळ्यात तेवढा रंग गेला आणि दामाजीने तो परत काढून घेतला नाही. नाक्यावर कोणाला सांगायची गरज नव्हती.

त्या पाटीपायी एकदा डोंबिवलीहून आलेल्या दोन बायका दुकानापुढे थांबल्या आणि कोल्हापुरी साज दाखवा म्हणाल्या. दामाजी काही बोलायच्या आत धाकू टांगेवाला म्हणाला, "हाय ना ताई, एकदम भारी हाय. फक्त तो घातला की टांगा ओढावा लागतो." बायका लाजून निघून गेल्या. धाकूने ती गोष्ट पुढे वर्षभर प्रत्येक भाड्याला सांगितली.

दामाजी अठ्ठावन्न वर्षांचा होता. लगाम, पोटाखालून आवळायचा तंग, छातीचा पट्टा, डोळ्यांवरची झापडं असं घोड्याच्या अंगावर जे जे चामड्याचं चढतं ते सगळं तो करायचा. त्याच्या बापानेही तेच केलं होतं. बापाच्या वेळी नाक्यावर टांग्यांची रांग लागायची. आता सात टांगे उरले होते आणि समोर रिक्षांची रांग लागत होती. रिक्षाला साज लागत नाही. दामाजी दिवसभर बसून जुने तंग शिवायचा, नाहीतर कोणाच्या पिशवीचा बंद लावून द्यायचा. नवीन साज सांगायला दोन वर्षांत कोणी आलं नव्हतं.

त्याच्याकडे अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट होती आणि ती तो वारंवार सांगायचा. "माझ्या साजाखाली आजपर्यंत एका जनावराला चट्टा पडलेला नाय. बापाच्याबी नाय." हे खरं होतं. कल्याणातले टांगेवाले एकमेकांच्या घोड्यांना नावं ठेवत, पण दामाजीच्या कामाला कोणी नाव ठेवलं नाही.

माप तो टेपने घेत नसे. मेण लावलेला दोरा घ्यायचा, जनावराच्या अंगावरून फिरवायचा आणि जिथे टोक आलं तिथे गाठ मारायची. मानेला एक गाठ, छातीला दोन, पोटाच्या घेराला तीन. पोटाचं माप घेताना बापाने शिकवलेली एक गोष्ट तो कधी चुकला नाही. तंग आवळतोय असं कळलं की घोडा पोट फुगवतो. माप फुगलेल्या पोटाचं येतं आणि जनावर चालायला लागलं की तंग लोंबतो. म्हणून गाठ मारली की तिच्या आत दोन बोटं ठेवायची आणि चामडं तिथे कापायचं. बाप म्हणायचा, "जनावर माप देताना खोटं बोलतंय. दोन बोटं त्याच्या खोटेपणाची." दामाजीचा हात ते आपोआप करायचा, जसं जेवताना घास आपोआप तोंडाकडे जातो.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका दुपारी भाजीचा टेम्पो दुकानासमोर थांबला. टेम्पोवाला पोपट दामाजीच्या ओळखीचा होता. ठाण्याहून बाजारात माल टाकायला तो रोज यायचा. त्याने पुढच्या सीटवरून एका म्हाताऱ्याला हात धरून उतरवलं. म्हाताऱ्यामागून बिस्किटाच्या रंगाचा एक सडपातळ गावठी कुत्रा उतरला आणि त्याच्या पायाला चिकटून उभा राहिला.

"दामाजीचं दुकान हेच काय?" म्हातारा हवेतच बघून म्हणाला. "मी लिओ. ठाण्याचा. टेंभी नाक्यावरून आत, चर्चजवळ ऱ्हातो. तुझे बापाने आमचे घोड्याचा साज केलेला. आमची भाजीची गाडी होती तवा."

दामाजी उठून उभा राहिला. बापाचं काम आठवणारा माणूस दुकानात येऊन किती वर्षं झाली होती. त्याने लिओबाबांना तरटावर बसवलं आणि शेजारून चहा सांगितला.

गोष्ट अशी होती. लिओबाबांची नजर काचबिंदूने गेली होती. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. घरात ते आणि त्यांची बहीण सुझाना, दोघंच. सुझानाबायचे गुडघे गेलेले, ती घराच्या पायरीखाली फारशी उतरत नसे. लिओबाबा रोज सकाळी चर्चला आणि तिथून तळ्यावर जायचे ते या कुत्र्याच्या जिवावर. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं, पण रस्ता पाठ होता आणि गाडी आली की तो थांबायचा. त्याचं नाव बिस्कुट. पिल्लू असताना कोणीतरी त्याच्या गळ्यात तारेचा फास टाकला होता. तेव्हापासून मानेला काही लागलं की तो खोकत खोकत खाली बसायचा. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, गळ्यात काही घालू नका.

"पण पट्टा नाय तर मुन्शिपाल्टीचे गाडीवाले उचलतेत," लिओबाबा म्हणाले. "मागच्या म्हयन्यात आमचे गल्लीतलं एक नेलं. त्याचे गळ्यात रिबिन होती. रिबिन म्हंजे पट्टा नाय म्हणाले. सुझाना बोलली, घोड्याला असतं तसं अंगावरचं करून घे. त्याला बिल्लाबी लावता येल आणि मना धरायलाबी होईल. करशील काय?"

"करीन की," दामाजी म्हणाला. त्याने कुत्र्यासाठी कधी काही केलं नव्हतं, पण ते त्याने सांगितलं नाही.

धाकू टांग्यावरून बघत होता. "दामाजी, आता कुत्र्याला टांग्याला जुंपणार काय? सांग बाबा, मी घोडीला इकून टाकतो."

"तू तुझं भाडं बघ."

"भाडं कुठाय? म्हणून तर कुत्रं बघतोय."

दामाजीने दोरा काढला. दोरा बघितल्याबरोबर बिस्कुट खाली बसला. पोट जमिनीला, कान मागे. पळाला नाही, पण सगळ्या अंगाची थरथर सुरू झाली. दामाजीने दोरा त्याच्या नाकापुढे धरला, मेणाचा वास घेऊ दिला आणि जरा वेळ तसाच थांबला. लिओबाबांनी दोन्ही हातांनी त्याला उभं केलं आणि कानात काहीतरी पुटपुटले. मग दामाजीने छातीचं माप घेतलं, पाठीचं घेतलं. मानेच्या बुडाशी दोरा नेला तेव्हा कुत्र्याने डोळे मिटून घेतले. पुढच्या पायांमागून घेर घेताना तर त्याचा श्वासच थांबला होता. दामाजीने तीन गाठी मारल्या, गाठीच्या आत दोन बोटं ठेवली आणि खडूने खूण केली.

"झालं. शहाणं जनावर हाय, लिओबाबा."

"घालून बगायला परत आणू काय?"

"कशाला? घोडे काय माझ्याकडे घालून बघायला आणतात? दोरा बोलतो."

लिओबाबा हसले. "तुझा बापबी असाच बोलायचा."

त्या साजावर दामाजीने जेवढी मेहनत घेतली तेवढी गेल्या दहा वर्षांत कशावर घेतली नव्हती. चामडं मऊ निवडलं, रापीने कडा घासून गोल केल्या, आतल्या बाजूला बनातीचं अस्तर लावलं. पाठीवर धरायला मूठ केली, तिच्याखाली बिल्ल्यासाठी कडी. टाका इतका बारीक घेतला की भागीरथी, त्याची बायको, म्हणाली, "अहो, पोरीच्या लग्नात माझ्या चोळीला बी असा टाका नव्हता."

तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि तिचं त्याला फार कौतुक वाटलं. नेहमी पट्ट्याला पाच-सहा भोकं असतात. आंधळ्या माणसाने भोक मोजायचं कसं? एखादे दिवशी चुकीच्या भोकात घातलं तर साज सैल पडेल, कुत्रा भर रस्त्यात निसटेल. म्हणून त्याने पोटपट्ट्याला एकच भोक पाडलं. चुकायची सोयच ठेवली नाही.

दहाव्या दिवशी साज कागदात गुंडाळून त्याने पोपटच्या हाती दिला. "आणि सांग त्यांना, पहिले पंधरा दिवस घट्ट वाटेल. नवीन चामडं हाय. काढायचा नाय. अंगावरच सैल पडला पाहिजे."

पोपटने निरोप जसाच्या तसा दिला. लिओबाबांनी तो जसाच्या तसा पाळला.

तीन आठवड्यांनी एक पोस्टकार्ड आलं. दामाजी अक्षर लावून लावून वाचायचा, म्हणून ते त्याने दोनदा वाचलं. सुझानाबायने लिहिलं होतं की साज फार सुरेख झाला आहे, रस्त्यात लोक थांबून बघतात. बिस्कुट मात्र हल्ली चालताना मध्येच बसतो. पंधरा दिवस होऊन गेले तरी पट्टा सैल पडत नाही. काय करावं ते कळवा.

"जाऊन बघून या की," भागीरथी म्हणाली. "एश्टीने तासाभराचं काम."

"बघायचं काय त्यात? चामडं कडक राहिलं असेल. तेल लावायला सांगतो."

"कुत्रं बसतंय म्हणतायत."

"कुत्रं लबाड असतं. चाळीस वर्षं मी हे करतोय. आता मला कोण शिकवणार, कुत्रं?"

दामाजीने कार्ड लिहून घेतलं: खोबरेल तेल लावा, साज काढू नका, सवय होईल. कार्ड पेटीत टाकलं आणि तो ते विसरून गेला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी धाकू चांदणीला टांग्याला जुंपत होता. चांदणी म्हणजे त्याची पांढरी घोडी, नाक्यावरची सगळ्यात वस्ताद. तंग आवळायला लागला की ती पोट फुगवून उभी राहायची, आणि धाकू गुडघ्याने ढोसून तिचा श्वास सोडवायचा. त्या दिवशीही तिने पोट फुगवलं.

"बघ सटवी कशी ढोल होते," धाकू ओरडला. मग दामाजीकडे वळून म्हणाला, "काय रे, ते तुझं ठाण्याचं कुत्रं पण फुगायचं काय?"

"कुत्रं फुगलं तर बेडूक होईल," दुसरा टांगेवाला म्हणाला. सगळे हसले.

दामाजीच्या हातातली आरी थांबली. तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तो कुत्रा आला. दोऱ्याखाली श्वास रोखलेला, पोट आत ओढून घेतलेला, भीतीने अंगातल्या अंगात लहान झालेला. फुगला नव्हता तो. कुत्रा कशाला फुगेल? तो आकसला होता. आणि त्या आकसलेल्या अंगावरून दामाजीने आणखी दोन बोटं कापून घेतली होती. वर सांगितलं होतं, काढू नका. वर एकच भोक पाडलं होतं.

तो उठला. आरी, दोरा, भोक पाडायचा ठोका पिशवीत टाकला. धाकू "कुठे?" म्हणून विचारेपर्यंत तो एसटीच्या स्टँडकडे वळलाही होता.

ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरून तो चालत निघाला. वाटेत त्याने मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. गेल्याबरोबर साज उतरवायचा. दोन भोकं पुढे पाडायची. पट्टा पुरला नाही तर सोबत आणलेला तुकडा जोडायचा. कुत्र्याला लागलं असेल तर हळद लावून चार दिवस मोकळं ठेवायला सांगायचं. लिओबाबांना सांगायचं, माप माझं चुकलं. एवढं बोलायचं. त्याने ते वाक्य दोन-तीनदा पुटपुटून बघितलं.

चर्चजवळच्या गल्लीत घर लगेच सापडलं. उतरत्या कौलांचं, पुढे ओटा असलेलं घर. दारात सुझानाबाय गुडघे धरून बसली होती. दामाजीने नाव सांगितलं तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं आणि आत बोट दाखवलं.

भिंतीवर क्रुसाच्या फोटोखाली खुंटी होती. खुंटीला साज होता. बिल्ला पॉलिश केल्यासारखा चकाकत होता.

लिओबाबा खुर्चीत बसले होते. "कोण?"

"दामाजी. कल्याणचा."

"ये, बस." मग ते म्हणाले, "तुला पत्र मिळालं काय? पण सुझानाने पत्र नाय टाकलं आता."

"नाय. मी आपला आलो."

सुझानाबायने सांगितलं. कुत्र्याच्या दोन्ही पुढच्या पायांमागे कातडी सोलवटून निघाली होती. अस्तर लाल झालं तेव्हा तिला कळलं. लिओबाबांना दिसत नव्हतं आणि कुत्रा ओरडत नव्हता. शुक्रवारी तिनेच साज उतरवला आणि हळद-तेल लावलं. शनिवारी सकाळी लिओबाबा चर्चला निघाले. तिने नको म्हटलं. ते म्हणाले, एक दिवस त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून जातो, रस्ता त्याला पाठ आहे.

"कोपऱ्यावर गाडी उभी होती," लिओबाबा म्हणाले. "मना कसं दिसणार? मना फक्त तो हाताखालून गेलेला कळला. मी वरडलो, माझा कुत्रा हाय. तो माणूस बोलला, पट्टा कुठाय? मी बोललो, घरी हाय. तो बोलला, बाबा, पट्टा घरी ठेवायला करतेत काय?"

"मी सोमवारी गेले," सुझानाबाय म्हणाली. "रिक्षा करून, मुन्शिपाल्टीचे कोंडवाड्यावर. साज घेऊन गेले, बिल्ला घेऊन गेले. तिथल्या माणसाने वही बघितली. शनिवारचे सगळे संपले बोलला. चांगला होता तो माणूस. मना बसायला स्टूल दिलं."

दामाजीने पिशवी घट्ट धरली होती. तिच्यातला ठोका त्याच्या मांडीला टोचत होता. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य त्याने शोधलं.

"लिओबाबा, माप चुकलं. माझं चुकलं. घोडा पोट फुगवतो म्हणून आम्ही दोन बोटं कमी घेतो. कुत्र्याचं पण मी तसंच..."

लिओबाबांनी हात वर केला. "सुझाना, तो दे इकडे."

सुझानाबाय भिंत धरत उठली आणि तिने खुंटीवरचा साज काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोटांनी मूठ चाचपली, कडा चाचपल्या, अस्तरावरचे कडक झालेले डाग आले तिथे बोटं जरा थबकली आणि पुढे गेली. मग ते टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"टाका तुझे बापासारखाच हाय," ते म्हणाले. "माप कसं चुकेल? नवीन चामडं होतं. पडला असता सैल. आम्हीच घाई केली काढायची."

दामाजीने ते ओळखलं. त्याचेच शब्द होते. त्याने ते पोपटबरोबर पाठवले होते, कार्डावर लिहून पाठवले होते. आता ते लिओबाबांच्या तोंडून परत आले होते आणि लिओबाबा ते अगदी मनापासून म्हणत होते. तो पुन्हा एकदा म्हणाला, "नाय बाबा, माझं चुकलं," पण त्यांनी मान हलवली आणि सुझानाबायला चहा टाकायला सांगितलं. दामाजी चहा न घेता निघाला. दारात सुझानाबाय हळूच म्हणाली, "त्याला तसंच समजू दे. त्याने साज काढायला सांगितला नव्हता, मीच काढला. मना एकटीला दोष द्यायला नको म्हणून तो 'आम्ही' बोलतो." मग म्हणाली, "सकाळी उठून तो काठी घेऊन दारापर्यंत जातो. तिथून परत येतो."

साज त्यांनी परत दिला नाही आणि त्याने मागितला नाही.

घरी भागीरथीने विचारलं, "कसं हाय कुत्रं?" दामाजीने सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला. ती त्याला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो दुकानात बसायचा, पण अभिमानाची ती गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. नाक्यावर कोणाला काही माहीत नव्हतं. एकदा धाकूनेच एका रिक्षावाल्याशी भांडताना सांगितलं, "आमच्या दामाजीच्या साजाखाली आजपर्यंत एक चट्टा नाय, विचार," आणि दामाजी खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत राहिला.

शिमग्याच्या सुमाराला चांदणीचा तंग तुटला आणि धाकूने नवीन सांगितला. दोन वर्षांतलं नाक्यावरचं पहिलंच नवीन काम. दामाजीने दोरा घेतला. चांदणीने सवयीप्रमाणे पोट फुगवलं. त्याने तीन गाठी मारल्या आणि गाठीच्या आत बोटं ठेवली. मग ती काढून घेतली. पुन्हा ठेवली. घोडी फुगली आहे हे त्याला समोर दिसत होतं. धाकू शेजारी उभा राहून शिव्या देत होता, "अगं सोड ना श्वास, मरायचंय का?" तरीही दामाजीचा हात खडूने खूण करीना. कापलेलं चामडं परत जोडता येत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शेवटी त्याने गाठीवरच खूण केली.

तंग त्याने चार दिवसांत दिला. धाकूने घातला, छान आहे म्हणाला, चहा पाजला.

आठवड्याने चांदणी दुकानासमोर उभी होती. धाकू पलीकडे भाड्याची वाट बघत होता. दामाजीची नजर सहज तिच्या पोटाखाली गेली. नव्या तंगाला त्याने पाडलेली पाच भोकं होती. त्यांच्या आतल्या बाजूला आणखी एक सहावं होतं. ते ठोक्याने पाडलेलं नव्हतं. कोणीतरी खिळा तापवून पाडलं होतं, कडा जळून काळी झाली होती. बकल त्याच भोकात अडकवलेलं होतं.

दामाजीने इकडे-तिकडे बघितलं. धाकूने मुद्दाम पाठ केली होती. दामाजी वाकला आणि त्याने पाचव्या भोकापासून सहाव्यापर्यंत बोटं लावून बघितली.

बरोबर दोन होती.